शाबूत

सोहारच्या रिफायनरीत माझं काम पाइपांत डोकावण्याचं.
बोटभर जाडीची नळी, टोकाला दिवा, दिव्याशेजारी कॅमेरा.
आतली भिंत बघत बघत सरकायचं:
इथे गंज, इथे चरा,
इथे वेल्डिंगचा थेंब सुकून राहिलेला.
अकरा वर्षं झाली. पाइप कापायची वेळ
दोनदाच आली.

तरी सोनोग्राफीच्या पडद्यावर
माझ्याच पिशवीच्या भिंतीला लोंबणारे तीन दाणे
मला ओळखता आले नाहीत.
"पॉलिप," डॉक्टर शेखा म्हणाल्या. मोठा नऊ मिलिमीटर.
वाल भिजत घातले की
तिसऱ्या दिवशी मोड दिसतो, तेवढा.

देवरूखहून दादाचा फोन: काढून टाक एकदाची.
पित्ताशयावाचून कुणाचं काय अडलंय?
इन्शुरन्स आहे ना तुझा.
आणि त्याच दमात: ते कुलमुखत्यारपत्र
वकिलातीचा शिक्का मारून कधी धाडतोस?
काजूच्या वरकस जमिनीला गिऱ्हाईक आलंय,
रोज रोज येत नसतं.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
तोंडात आंबट पाणी आलं, ते गिळलं.
हे मला चांगलं जमतं.

डॉक्टर शेखांनी कागदावर नासपती काढली.
बेंबीशी एक छेद, कुशीला दोन,
नासपतीच्या बुडाशी एक चिमुकली खिडकी.
तिच्यातून दुर्बीण आत, दाणे देठासकट बाहेर,
मग खिडकी शिवून टाकायची विरघळत्या धाग्याने.
पिशवी जागच्या जागी.
"पण," त्या म्हणाल्या, आणि पेनला टोपण लावलं,
"तुम्ही टेबलावर असतानाच दाणे तपासायला जातील.
वाईट निघाले, तर पिशवी काढणार.
चांगले निघाले तरी पुन्हा उगवू शकतात,
दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं.
काही सर्जन म्हणतील, हा नसता उपद्व्याप आहे.
त्यांनाही विचारा."

मी विचारलं नाही. सही केली.
दोन्ही शक्यतांखाली एकच सही,
वर अरबी, खाली इंग्रजी, मधे माझी मराठी.

शुद्धीवर येताना आधी एसीची घरघर आली,
मग दुपारची अजान, मग पोटावर तीन पट्ट्या.
पट्ट्यांवरून काही कळेना.
ठेवलं असतं तरी तीनच,
काढलं असतं तरी तीनच.
सिस्टर लिसीला विचारलं, "आहे?"
ती सलाईनचे थेंब मोजत होती. "बीवी? बाहर बैठी है."
"नाही, ते... पित्त..."
हिंदीतला शब्द आठवेना.
हाताची ओंजळ मिटून पिशवी करून दाखवली.
ती हसली. "है, है. सो जाओ."

शनिवारी घरी आलो. वनजाने आमसुलाचं सार केलं,
तुपाची फोडणी नाही, नारळ नाही,
नुसतं लाल पाणी आणि जिरं.
खाली गल्लीत बलुशींच्या बकऱ्या
कुणाच्या तरी पजेरोच्या सावलीत दाटीने उभ्या.
दादाचा फोन. तब्येतीचं अर्धं वाक्य,
मग गिऱ्हाईक, मग शिक्का.
"नाही धाडणार," मी म्हणालो.
"काय?"
"सही करणार नाही. माझा हिस्सा राहू दे.
पडीक तर पडीक."
मग थांबता आलं नाही.
आईच्या पाटल्यांपर्यंत गेलो,
एकोणीसशे सत्त्याण्णवच्या सायकलपर्यंत गेलो,
कुशीतला टाका ओढला तेव्हा खाली बसलो,
बसून बोललो.

फोन ठेवला. अंगभर खाज सुटलेली,
मनगटावर पित्ताच्या गांधी टरारून वर.

वनजा दारात, हातात डाव.
"म्हणजे खरंच ठेवलंय त्यांनी," म्हणाली,
आणि सारातलं एक आमसूल काढून
माझ्या मनगटावर चोळत बसली.